सत्तेचाळीस वर्षांची शोधाशोध

गेल्या वर्षी तीन महिन्यांसाठी डेन्वरला ऑनसाईट होतो. तिथे जाणारा प्रत्येक देशी माणूस दोन फोटो काढतोच. एक रॉकी पर्वताचा, आणि दुसरा कॅपिटॉलच्या, म्हणजे कोलोरॅडोच्या विधानभवनाच्या, पायऱ्यांवरचा. डेन्वर हे समुद्रसपाटीपासून बरोब्बर एक मैल उंचीवरचं शहर, आणि ती एक मैलाची खूण याच पायऱ्यांवर आहे. गंमत म्हणजे खुणा तीन आहेत! पंधराव्या पायरीवर दगडातच कोरलंय की इथे एक मैल. १९६९ साली कॉलेजच्या पोरांनी परत मोजलं आणि खूण अठराव्या पायरीवर गेली. २००३ साली आणखी चांगली यंत्रं घेऊन मोजलं, तर ती आली तेराव्या पायरीवर. जुन्या खुणा कुणी काढल्या नाहीत. मी आपले तिन्ही पायऱ्यांवर फोटो काढले. आपल्याला काय, स्टोरेज फुकट आहे.

बाहेर थंडी मरणाची होती म्हणून आत शिरलो. आत जुन्या सुप्रीम कोर्टाचं दालन आहे आणि तिथे रंगीत काचेच्या खिडक्या आहेत. त्यातल्या एका खिडकीत चक्क एक कृष्णवर्णीय म्हातारी. नाव क्लारा ब्राउन. गुलामीत जन्मलेली, १८५९ साली सोन्याच्या शोधात निघालेल्या तांड्याबरोबर मैदानं पायी तुडवत इथे आलेली, खाणकामगारांचे कपडे धुऊन पैसे जमवलेली आणि आयुष्यभर आपली मुलगी शोधत राहिलेली बाई.

"मुलगी सापडली का?" हा प्रश्न तिथेच मनात आला. उत्तर गूगलवर दोन मिनिटांत मिळालं: हो, १८८२ साली सापडली. विषय तिथेच संपायला हवा होता. पण डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला. सापडली ती *कशी*? क्लाराला लिहिता-वाचता येत नव्हतं. टेलिफोन डिरेक्टरी नाही, फोटो नाही, मुलीचं आडनाव माहीत नाही, ती जिवंत आहे की नाही हेही माहीत नाही. चार हजार ओळींच्या लॉगमधून एक एरर शोधताना मी रडकुंडीला येतो. ह्या बाईने अख्खा अमेरिका खंड कसा काय 'सर्च' केला?

मग पुढचे चार-पाच वीकांत यातच गेले.

आधी तिची गोष्ट थोडक्यात. क्लाराचा जन्म व्हर्जिनियातला, साल कुठे १८०० दिलेलं असतं तर कुठे १८०३. लहानपणीच मालक अँब्रोज स्मिथ तिला आणि तिच्या आईला घेऊन केंटकीतल्या लोगन काउंटीत आला. अठराव्या वर्षी रिचर्ड नावाच्या गुलामाशी तिचं लग्न झालं. मुलं चार: रिचर्ड, मार्गारेट आणि पॉलिना अ‍ॅन व एलायझा जेन ह्या जुळ्या. पॉलिना आठेक वर्षांची असताना पाण्यात बुडून गेली. १८३५ साली मालक वारला. मालक वारला की त्याच्या इस्टेटीची विभागणी होते, आणि इस्टेटीत घर, घोडे, नांगर आणि माणसं सगळं एकाच यादीत. लिलाव झाला. नवरा एकीकडे, मुलगा दुसरीकडे, मार्गारेट तिसरीकडे, नऊ-दहा वर्षांची एलायझा जेन चौथीकडे. क्लाराला विकत घेतलं रसेलव्हिलच्या जॉर्ज ब्राउन नावाच्या माणसाने. त्याच्याकडे तिने वीसेक वर्षं काढली. १८५६ च्या सुमारास तो वारल्यावर ती स्वतंत्र झाली. तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे.

स्वतंत्र झाली म्हणजे मुलीला शोधायला मोकळी झाली, असं आपल्याला वाटेल. तर नाही. १८५० च्या केंटकीच्या राज्यघटनेनुसार मुक्त झालेल्या गुलामाला राज्य सोडावं लागे. म्हणजे जिथे शोध सुरू करायचा तिथेच थांबायला बंदी! ती आधी सेंट लुईसला गेली, मग कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थला. १८५९ साली पाइक्स पीकच्या सोन्याची बातमी फुटली आणि पश्चिमेकडे माणसांची रीघ लागली. अशाच एका तांड्यात तिने स्वयंपाकीण म्हणून जागा मिळवली. सातशेच्या आसपास मैल. गाडीत सामान आणि ती बाजूने चालत.

आता माझी शोधाशोध. वंशावळ शोधण्याचा पहिला नियम असा की आपल्याला जे माहीत आहे तिथून मागे मागे जायचं. अमेरिकन माणसाचं हे काम तसं सोपं आहे. तिथे १७९० पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते आणि नावानिशी नोंदी ७२ वर्षं उलटली की सगळ्यांसाठी खुल्या होतात. १९५० ची खानेसुमारी २०२२ साली खुली झाली. घरबसल्या पानन् पान बघता येतं. मी कॉफी घेऊन बसलो, म्हटलं दोन तासांचं काम आहे.

१८८० च्या खानेसुमारीत भरपूर माहिती असते. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं, आणि आईवडिलांचा जन्म कुठल्या राज्यात झाला तेसुद्धा. त्याच्या मागची १८७० ची. त्यातही सगळ्यांची नावं आहेत. आणि १८७० च्या मागे गेलात की धाडकन भिंत.

१८५० आणि १८६० साली गुलामांची खानेसुमारी वेगळ्या तक्त्यांवर झाली. लोगन काउंटीची पानं उघडली. सुंदर वळणदार अक्षर. पहिल्या रकान्यात मालकाचं नाव, पुढे आकडा, वय, लिंग, वर्ण. एका ओळीत एक माणूस. नावाचा रकानाच नाही. म्हणजे नाव विचारलं आणि लिहायचं राहून गेलं असं नाही, मुळात फॉर्म डिझाइन करणाऱ्याने ते फील्डच ठेवलेलं नाही. आपण टेबलात कॉलम घेतानाच ठरवतो की जगातलं काय आठवणीत राहील आणि काय नाही. हे मला इतकी वर्षं स्कीमा लिहूनही कधी जाणवलं नव्हतं, ते त्या दिवशी जाणवलं.

त्याआधीच्या खानेसुमाऱ्या आणखी ढोबळ. १८३० साली घरातल्या फक्त कर्त्याचं नाव, बाकी सगळे चौकटीतले आकडे. क्लारा तेव्हा साधारण तिशीची. म्हणजे 'गुलाम, स्त्री, २४ ते ३५ वर्षं' ह्या चौकटीतल्या आकड्यात ती. आणि एलायझा जेन 'दहाच्या आत' ह्या चौकटीत. लिलावाच्या पाच वर्षं आधी आई आणि मुलगी कागदावर एकाच पानावर होत्या, पण दोन आकड्यांच्या रूपात.

मग ह्या लोकांची वंशावळ शोधणारे काय करतात? ते मालकाची वंशावळ शोधतात! मालकाचं मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, खरेदीखतं, कर्जाच्या तारणाचे कागद. माणूस म्हणून जिथे नाव लिहिलं नाही तिथे ते सापडत नाही, पण माल म्हणून जिथे किंमत लावायची होती तिथे सापडतं. यादीत दहा माणसं असतील तर कुठली किती डॉलरची हे सांगायला नाव लागतंच. आज लाखो आफ्रिकन-अमेरिकन लोकांना आपल्या खापरपणजीचं नाव बघायचं असेल, तर ते गाई आणि पलंग यांच्या मधल्या ओळीत बघावं लागतं. हे वाचून कॉफी खाली ठेवली. त्या दिवशी पुढे काही काम केलं नाही.

आडनावांचा घोळ तर विचारूच नका. क्लारा 'ब्राउन' झाली ती शेवटच्या मालकाच्या आडनावामुळे. एलायझा जेनला ज्याने नेलं त्याचं आडनाव वेगळं. ती पुढे लग्न करणार, मग तिसरं आडनाव. म्हणजे आई आणि मुलीच्या नोंदीत जुळण्यासारखी एकही की नाही. दोन टेबलं आहेत, पण जॉइन करायला कॉलमच नाही.

क्लाराने हे कोडं कसं सोडवलं ते आता बघू.

सुरुवातीला तिने पैसे जमवले. डेन्वरपासून पस्तीसेक मैलांवर सेंट्रल सिटी नावाचं खाणगाव आहे, उंची साडेआठ हजार फूट. तिथे तिने कपडे धुण्याचा धंदा काढला. मी एका रविवारी तिथे जाऊन आलो. १९९१ पासून तिथे जुगाराला परवानगी आहे, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॅसिनो. मे महिना असूनही नळाचं पाणी हाताला चावत होतं. ह्या पाण्यात साठीतली बाई खाणीतल्या चिखलाने माखलेले शर्ट घासायची, दर नगाला पन्नास सेंट. त्या पैशांतून तिने घरं आणि जागा घेतल्या. १८६० च्या दशकाच्या मध्याला तिच्याकडे दहा हजार डॉलरच्या आसपास जमले होते असं सांगतात. तिच्याच घरात मेथडिस्ट लोकांच्या प्रार्थना भरत, आजारी खाणकामगार तिथेच पडून असत, नडलेल्याला ती पैसेही देई. सगळे तिला 'आंट क्लारा' म्हणत.

१८६५ च्या अखेरीला ती केंटकीला गेली. तारीख महत्त्वाची आहे. लिंकनचा १ जानेवारी १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा केंटकीला लागू नव्हता, कारण ते राज्य बंडखोरांत सामील झालेलं नव्हतं. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ च्या डिसेंबरात, तेरावी घटनादुरुस्ती झाल्यावर. म्हणजे दार उघडतंय न उघडतंय तोच ही बाई उंबऱ्यावर हजर. तिथे कळलं ते असं: नवरा गेला. मार्गारेट गेली. मुलगा रिचर्ड इतक्या वेळा विकला गेला होता की त्याचा माग लागेना. एलायझा जेनचा पत्ता नाही.

मुलगी मिळाली नाही, पण ती रिकाम्या हाताने परतली नाही. नात्यातली आणि ओळखीतली, नुकतीच सुटलेली डझनाहून जास्त माणसं ती स्वखर्चाने कोलोरॅडोला घेऊन आली आणि त्यांना कामाला लावलं. बरीचशी पुंजी यातच संपली. उरलेलं आग आणि पुराने नेलं. १८६४ च्या चेरी क्रीकच्या पुरात डेन्वरची नगरपालिकेची इमारत कागदपत्रांसकट वाहून गेली होती. सेंट्रल सिटीतल्या आगीत तिची घरंही जळाली. १८७९ साली दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय लोक कॅन्ससला पळून येत होते, तेव्हा सत्तरी ओलांडलेली क्लारा तिथेही मदतीला गेली. जाताना गव्हर्नर पिटकिनचं पत्र बरोबर होतं. मला खात्री आहे की प्रत्येक घोळक्यात तिने तोच प्रश्न विचारला असणार.

त्या काळात हा प्रश्न विचारणारी ती एकटी नव्हती. युद्धानंतर वर्तमानपत्रांत अशा जाहिरातींचे रकाने असायचे. न्यू ऑर्लिन्सच्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट'मध्ये १८७७ पासून 'हरवलेली मित्रमंडळी' अशा नावाचं सदर होतं. 'माझ्या आईचं नाव अमुक, आमचा मालक तमुक, मला अमक्या साली विकलं, भाऊ दोन, एकाच्या कपाळावर खूण,' अशी ती पत्रं. ती रविवारी चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचे, कारण ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना वाचता येत नव्हतं. ही सगळी आता ऑनलाइन आहेत. एका रात्री मी त्यातली तीस-चाळीस वाचली आणि मग लॅपटॉप बंद केला. पुढचं वाचवेना.

ह्या पत्रांतच कोड्याचं उत्तर आहे. आडनावाची की नाही, तर लोक अनेक बारक्या गोष्टींची मिळून एक की बनवत होते. आईचं नाव, मालकाचं नाव, काउंटी, लिलावाचं साल, भावंडांची नावं. एकेकटी घेतली तर कुचकामी, पण सगळ्या एकत्र जुळल्या की माणूस एकच. क्लाराकडेही तेच होतं: केंटकी, स्मिथ, १८३५, एलायझा जेन, आणि तिची पाण्यात बुडून गेलेली जुळी बहीण. हे ती तेवीसेक वर्षं भेटेल त्याला सांगत राहिली. कपडे धुवायला टाकणाऱ्याला, चर्चमधल्यांना, गावं बदलून जाणाऱ्या ओळखीच्यांना. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने ते शेकडो माणसांच्या डोक्यात लिहून ठेवलं.

१८८२ च्या सुरुवातीला त्यातल्याच एकीचं पत्र आलं. आयोवातल्या काउन्सिल ब्लफ्स गावी मिसेस ब्रूअर म्हणून एक विधवा आहे. नाव एलायझा जेन. जन्म केंटकीचा. आईचं नाव क्लारा.

क्लाराकडे तेव्हा तिकिटापुरतेही पैसे नव्हते. ओळखीच्यांनी जमवून दिले. ऐंशीच्या घरातली म्हातारी आगगाडीत बसून काउन्सिल ब्लफ्सला गेली. रस्त्यात चिखल होता. दोघी एकमेकींकडे धावल्या, मिठी मारली आणि दोघीही चिखलात पडल्या, असं सांगतात. १८३५ ते १८८२. सत्तेचाळीस वर्षं. मुलगी तेव्हा छप्पन-सत्तावन्नची असेल. आईच्या डोळ्यांसमोर कायम नऊ-दहा वर्षांची पोर होती, आणि समोर उभी होती एक पांढऱ्या केसांची बाई. ही बातमी तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आली. क्लारा १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये डेन्वरला वारली. कोलोरॅडोच्या आद्य वसाहतकारांच्या संस्थेने तिला सभासद करून घेतलं होतं, त्यांनीच मानाने अंत्यविधी केला. रिव्हरसाइड दफनभूमीत तिची कबर आहे.

आता एक टोचलेली गोष्ट. 'आंट क्लारा' मला सुरुवातीला फार गोड वाटलं. आपल्याकडचं मावशी किंवा आत्याच जणू. नंतर कळलं की गोरे लोक वयस्कर कृष्णवर्णीय बाईला 'आंट' म्हणत, कारण गोऱ्या बाईला लावतात तसं 'मिसेस' लावायचं नसे. प्रेम असेलही त्यात, पण अंतरही होतं. हे वाचलं आणि आमच्या पुण्याच्या फ्लॅटवर पोळ्या करायला येणाऱ्या मावशी आठवल्या. दोन वर्षं त्यांच्या हातचं जेवलो. आडनाव? माहीत नाही. फोनमध्ये नंबर 'पोळ्या मावशी' म्हणून सेव्ह आहे. उगाच केंटकीच्या खानेसुमारीवाल्याला नावं ठेवत होतो.

आणि दुसरी गोष्ट घरची. आमच्याकडे नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांकडून उतरवून आणलेली वंशावळ आहे. काकांनी ती लॅमिनेट करून भिंतीवर लावली आहे. आठ पिढ्या. सगळे पुरुष. मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा. जणू आठ पिढ्या बाया नव्हत्याच घरात! पणजीचं नाव तेवढं सगळ्यांना माहीत आहे, पण ते लग्नात बदललेलं. माहेरचं नाव काय, माहेर कुठलं, कुणालाच सांगता येईना. क्लाराच्या दुःखाशी याची बरोबरी नाही, तसं मला म्हणायचंही नाही. आमच्या पणजीला कुणी विकलं नाही. पण फॉर्ममध्ये रकानाच नसणं म्हणजे काय, ते इथे घरातच होतं, आणि मी ते डेन्वरला जाऊन शिकलो.

परत आल्यावर आजीला फोन केला. आजी ८६ वर्षांची, ऐकू कमी येतं.

"आजी, तुझ्या सासूबाईंचं माहेरचं नाव काय गं?"

"कशाला रे? कुठे भरायचंय?" तिला वाटलं पासपोर्टचं काहीतरी.

"कुठे नाही गं. मला हवंय."

बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं लाइन कटली. मग म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारलं बघ," आणि सांगायला लागली. नाव, गाव, भाऊ किती, एक बहीण बाळंतपणात गेली तिचं नाव. मग तिच्या स्वतःच्या आईचं, आणि आईच्या आईचंही. चाळीस मिनिटं बोलत होती. मी हाताशी आलेल्या विजेच्या बिलाच्या पाठीमागे लिहीत गेलो.

ती नावं इथे देत नाही, घरची आहेत. एक्सेलमध्ये घातली आहेत आणि दोन ठिकाणी बॅकअप घेतला आहे. पुढच्या वीकांताला गावी जातोय, आजीच्या चुलत बहिणीला भेटायला. त्या नव्वदीच्या आहेत. तुमच्याकडेही अशी कुणी आजी-पणजी असेल तर हे वाचून झाल्यावर तिला एक फोन लावा. आणि हो, पोळ्यांच्या मावशींना नाव-आडनाव विचारलं मी. हसल्या आणि म्हणाल्या, "आज काय झालं दादा?" कॉन्टॅक्टमध्ये आता त्यांचं पूर्ण नाव आहे.